विजेची बेगमी

मे महिना संपत आला की कोकणात घरोघरी एकच लगबग सुरू होते. लाकूडफाटा पडवीत येतो, सुकी मासळी डब्यांत जाते, तांदूळ, मिरच्या, आमसुलं, पापड यांची मोजदाद होते. पावसाचे चार महिने घर चालायला हवं, त्याची ही बेगमी. देवगडजवळच्या एका सड्यावर, हापूसच्या कलमांत, माझ्या मावसभावाचं घर आहे. विजेचा सगळ्यांत जवळचा खांब तिथून दोन किलोमीटरवर. तारा ओढून आणण्याचा खर्च ऐकून त्याने सौर पॅनेल बसवायचं ठरवलं, तेव्हा बाग राखणाऱ्या म्हाताऱ्याने एवढंच विचारलं होतं, "पावसात सूर्य खंय कामाक येता?"

आम्ही हसलो. पहिल्याच आषाढात ते हसू विरलं.

त्याचं झालं असं. तालुक्याच्या बाजारातून आम्ही तयार संच आणला होता : दीडशे वॅटची दोन पॅनेल, एक बॅटरी, एक इन्व्हर्टर. आंब्याच्या मोसमात सगळं थाटात चाललं. जुलैत झड लागली आणि चौथ्या रात्री घरात कंदील आला. रिकामी झालेली बॅटरी तशीच कित्येक आठवडे अर्धपोटी राहिली. लेड-अ‍ॅसिड बॅटरीला याहून वाईट काही नाही. तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे स्फटिक जमतात, ते वेळेत विरघळवले नाहीत तर कडक होतात आणि बॅटरीची वीज धरून ठेवण्याची ताकदच जाते. गणपतीत लख्ख ऊन पडलं, पण बॅटरी काही घेईना. विक्रेत्याला दोन शब्द सुनावून झाले. पण खरी चूक आमची होती. घराला किती वीज लागते हे न मोजताच आम्ही ती बनवायला निघालो होतो.

हिशेबासाठी दोन शब्द नीट कळायला हवेत. वॅट म्हणजे नळाची धार आणि युनिट म्हणजे भरलेला हंडा. हजार वॅटचं यंत्र तासभर चाललं की एक युनिट संपतं. दुसऱ्या वर्षी आम्ही वही घेऊन बसलो. नऊ वॅटचे चार दिवे पाच तास : 180 वॅट-तास. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो, नवा बीएलडीसी पंखा तीसच्या आसपास. असे दोन पंखे आठ तास : 480. टीव्ही, मोबाइल आणि वाटपापुरता मिक्सर मिळून सव्वादोनशे-अडीचशे. लहान फ्रिज दिवसाला साधारण अर्धं युनिट. बेरीज 1.4 युनिट. गीझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांना वहीत जागाच दिली नाही. दोन हजार वॅटची शेगडी अर्ध्या तासात एक युनिट फस्त करते, म्हणजे बाकीच्या घराचा जवळजवळ दिवसभराचा शिधा. पाणी तापवायला मागच्या दारी बंब आहे आणि तो उत्तम आहे.

वायर, बॅटरी, इन्व्हर्टर प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. म्हणून घरात 1.4 युनिट हवी असतील तर पॅनेलमधून दोनच्या आसपास निघायला हवीत. ती किती वॅटच्या पॅनेलमधून निघतील, हे मात्र ऊन ठरवतं, आणि म्हाताऱ्याचा प्रश्न इथेच परत येतो. ऊन मोजायची एक सोयीची रीत आहे. दर चौरस मीटरवर हजार वॅट पडतात त्याला पूर्ण ऊन धरायचं आणि दिवसभराचं सगळं ऊन मिळून असे किती तास भरतात ते पाहायचं. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये हे तास सहाच्या वर जातात. जुलैत सरासरी तीन-साडेतीनवर येतात आणि काळ्याकुट्ट झडीत एक-दीडवर. म्हणजे एप्रिलमध्ये साडेतीनशे वॅटचं पॅनेल पुरेल तिथे झडीत तेराशे वॅट लागतील. ढगाळ दिवशी पॅनेल झोपतं हा समज खरा नाही. ढगांतून पसरून येणाऱ्या उजेडावरही ते काम करतं, फक्त कमी.

आम्ही 540 वॅटची दोन पॅनेल घेतली. झडीत त्यांच्यातून निघणार दीड युनिटभर, घरात पोचणार सव्वा युनिटच्या आत. गरज 1.4 ची. पण आषाढात सड्यावर पंखे लावतो कोण? गोधड्या निघतात. पंख्यांचं अर्धं युनिट वजा केलं की हिशेब जुळतो. निसर्गाने एका हाताने काढून घेतलेलं दुसऱ्या हाताने थोडं परत केलं, असं मला त्या वहीकडे पाहताना वाटलं.

पॅनेल कोणत्या दिशेला, या प्रश्नाचं पाठ उत्तर आहे : तोंड दक्षिणेला, उतार गावाच्या अक्षांशाइतका. देवगड साडेसोळा अंशांच्या जवळपास आहे. गंमत अशी की मेच्या पहिल्या आठवड्यात तिथे शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो! दक्षिणेकडे पाहणारं पॅनेल त्या काळात त्याच्याकडे थोडी पाठच करतं. तरी उतार तोच ठेवावा, कारण पावसाळ्यात उजेड आभाळभर पसरलेला असतो आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा हा उतार सव्याज भरपाई करतो. सावलीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. सिलिकॉनचा एक सेल जेमतेम अर्धा व्होल्ट देतो, म्हणून अनेक सेल एकामागे एक साखळीत जोडतात. साखळीतल्या एका सेलवर माडाच्या झावळीची सावली पडली तरी तिच्याबरोबर उरलेल्या सेलांचाही प्रवाह अडतो. बायपास डायोड थोडी वाट काढून देतात, पण आमच्या दोन झावळ्या उतरवल्यावर जो फरक पडला तो कुठल्याही डायोडने पडला नसता.

उन्हाचा कडाका आणि विजेचं उत्पन्न यांचीही लोक गल्लत करतात. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. पाठीवर छापलेले वॅट सेलचं तापमान 25 अंश असतानाचे असतात. मेच्या दुपारी ते साठ अंशांवर जातं आणि प्रत्येक वाढीव अंशाला उत्पन्न 0.35 टक्क्याच्या आसपास घटतं, म्हणजे बारा टक्के तिथेच गेले. पॅनेल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून वारा खेळता ठेवावा तो यासाठी. तोच वारा मे 2021 च्या तौक्ते वादळासारखा आला तर पॅनेल शिडासारखं उचलतो, हेही सांगाडा बांधताना लक्षात ठेवावं लागतं. खाऱ्या हवेत साधे नट-बोल्ट गंजतात. ते स्टेनलेस स्टीलचेच हवेत.

आता बॅटरी. 17 मार्च 1958 रोजी अमेरिकेने व्हॅनगार्ड-1 हा चिमुकला उपग्रह सोडला. त्यात एक प्रेषक बॅटरीवर चालणारा आणि एक सौर सेलवर. बॅटरीवाला त्याच वर्षी जूनमध्ये गप्प झाला, सौर सेलवाला 1964 पर्यंत बोलत राहिला. आजही घरोघरी हेच घडतं : पॅनेल पंचवीस वर्षं टिकतं, बॅटरी त्याआधीच दगा देते. पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नयेत. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, शिवाय तिला डिस्टिल्ड वॉटर पाजत राहावं लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते आणि हजारो वेळा भरता-उपसता येते. आम्ही पाच युनिटची घेतली. ऊन अजिबात नसलं तरी तीन दिवस. तांदळासारखी चार महिन्यांची बेगमी विजेची करता येत नाही; तीन दिवसांची करता येते आणि तीही बरीच खर्चिक.

व्यवस्था 12 ऐवजी 24 व्होल्टची केली, कारण तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि तारेतली नासाडी चौथ्या हिश्श्यावर येते. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये एमपीपीटी जातीचा चार्ज कंट्रोलर हवा. ढगाळ हवेत तो पॅनेलमधून जास्तीत जास्त काढून घेतो. फ्यूज आणि एमसीबी मात्र डीसीचेच घ्यावेत. घरच्या एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझते. डीसीला असा शून्याचा क्षणच नसतो. ठिणगी पेटती राहते आणि स्वस्तातला स्विच जळतो. अर्थिंगसाठी सड्यावर खड्डा खणणं हे वेगळंच पुराण आहे; वीतभर मातीखाली जांभा, दोन माणसं आणि दोन दिवस गेले. पण वळवाच्या विजा त्या सड्यावर कशा उतरतात ते ज्याने पाहिलंय, तो या कामाला आळस करणार नाही.

अशा घरालाही सरकारी अनुदान मिळतं, हा एक गैरसमज वाचकांच्या पत्रांतूनही दिसतो. पीएम सूर्यघर योजनेतलं अनुदान, तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंतचं, महावितरणच्या तारेला जोडलेल्या छतांसाठी आहे. तिथे बॅटरीची गरज नसते, पण तारेतली वीज गेली की तिथला इन्व्हर्टरही मुद्दाम थांबतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसेल. ज्याच्या दारात खांबच नाही, त्याच्या घरी तसला इन्व्हर्टर सुरूच होणार नाही.

गेल्या जुलैत पाचव्या दिवसाच्या झडीत भावाला फोन केला. बॅटरी चाळीस टक्क्यांवर होती, फ्रिज चालू, टीव्ही बंद. मागून घसर-घसर आवाज येत होता. मिक्सरला सुट्टी देऊन वहिनी पाट्यावर वाटप वाटत होती.