मनगट नको, मूठ वाकवा! विळा-कात्री हाताला का लागते?

सटाणा : बागलाणात कांदा काढणी किंवा डाळिंबाची छाटणी सुरू झाली, की विळा-कात्री दिवसभर हातातून सुटत नाही. संध्याकाळी मनगट भरून येतं. असं का होतं?

बोटं वळवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली असतात. तिथून दोरीसारखे नऊ स्नायुबंध मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. सोबत एक मज्जातंतूही असतो. तो दाबला गेला की अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात. आत्ताच करून बघा : मनगट तळव्याकडे पूर्ण वाकवा आणि मूठ आवळा. जोर लागत नाही ना?

म्हणून चांगल्या अवजारात वाक मुठीला देतात, मनगटाला नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेचा दातेरी ‘नवीन’ विळा घ्या. त्याच्या लाकडी मुठीचा आकारच असा, की कापताना हात जमिनीवर आपटत नाही.

स्वयंपाकघरात हे काम १९९० मध्ये अमेरिकेतल्या ‘ऑक्सो’ने केलं. सॅम फार्बर यांच्या पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, साधं सोलाणं धरवत नव्हतं. जाड, मऊ मुठीचं सोलाणं आलं आणि धडधाकट लोकांनीही तेच उचललं.

आपल्याकडे खरी अडचण मापाची. कात्री बाप्या माणसाच्या पंजाला बेतलेली, छाटणीला मात्र बायाही असतात. पंजात न मावणाऱ्या कात्रीला जोर दुप्पट लागल्यासारखा वाटतो. दुकानातून घेताना जी वापरणार, तिच्याच हातात ती उघडून-मिटून बघा. विळ्याची मूठ बारीक असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.