गिलाव्याआड दडलेल्या कामाची साक्ष

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार जणांचा बळी गेला. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदाची जड छते अनेकांच्या मृत्यूस कारणीभूत ठरली. त्यानंतरच्या पुनर्वसनात भिंतींमध्ये काँक्रीटचे भूकंपरोधक पट्टे घेण्यात आले. मात्र अशा पट्ट्यात सळई किती आणि कोणत्या जाडीची घातली, हे गिलावा झाल्यावर दिसत नाही. त्याची साक्ष उरते ती त्याच दिवशी केलेल्या नोंदीत. बांधकामाच्या दैनंदिन अहवालाचे महत्त्व नेमके येथे आहे.

या अहवालात तारीख, हवामान, गवंडी व मजुरांची संख्या, आलेल्या आणि वापरलेल्या सिमेंटच्या गोण्या, नकाशातील कोणत्या भागाचे काम झाले, ते कोणी तपासले आणि काम थांबल्यास त्याचे कारण, एवढे तरी असावे लागते. खाली अभियंता व कंत्राटदाराच्या प्रतिनिधीची सही हवी.

तारखेवर पुढचे बरेच काही अवलंबून असते. भारतीय मानक ४५६ (२०००) नुसार साध्या पोर्टलँड सिमेंटचे काँक्रीट किमान ७ दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू १४ दिवसांआधी काढता येत नाहीत. नांदेड-लातुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. लातूरला तर २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईत स्लॅबवर रोज पाणी मारले गेले की नाही, हे नोंदीविना सिद्ध करणे कठीण.

घर घेणाऱ्यालाही या नोंदींचा आधार असतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत संरचनेतील दोष दाखवून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. मजुराच्या दृष्टीने हजेरीही तितकीच मोलाची. बांधकाम कामगार म्हणून नोंदणीसाठी मागील १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचे दाखवावे लागते.

मात्र आठवड्याचा अहवाल शनिवारी आठवून लिहिला, तर त्याला पुराव्याचे मोल राहत नाही. त्या दिवसाचे काम त्याच संध्याकाळी, मजूर परतण्यापूर्वी नोंदवले गेले पाहिजे.