सब्र करा, पण दुखणं लपवू नका

गेल्या हिवाळ्यात आमच्या खालूंच्या फुफ्फुसाभोवती पू झाला. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. कुशीत तीन लहान छेद आणि पू-पाणी वाहून जाण्यासाठी एक नळी, एवढंच. पहिल्या रात्री खालू मजेत बोलत होते. नर्सने गोळी आणली तर म्हणाले, "दुखतच नाही, मग गोळी कशाला?" पहाटे कळा सुरू झाल्या. आम्ही विचारलं की एकच उत्तर, "अल्हम्दुलिल्लाह, ठीक आहे." पण ते खोकणं टाळू लागले, श्वास वरवर घेऊ लागले. तिसऱ्या दिवशी ताप आला. छातीत कफ साठला होता. घरी यायला आठवडाभर उशीर झाला.

तेव्हा जे समजलं, ते आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहितोय.

छेद लहान, मग इतकं का दुखतं?

दुर्बीण दोन बरगड्यांच्या मधून आत जाते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक नस जाते, ती ऑपरेशनमध्ये दाबली जाते. नंतर नळीही तिथेच असते. मोडलेला हात प्लास्टरमध्ये स्थिर ठेवता येतो, छाती मात्र दिवसातून वीस हजारांच्या आसपास वेळा हलते.

ब्लॉक म्हणजे काय?

ऑपरेशनसाठी पूर्ण भूल असतेच. त्याशिवाय भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत बघून पाठीत मणक्याजवळ बधिर करणारं औषध सोडतात. अख्ख्या इमारतीचा मेन स्विच बंद न करता एकाच मजल्याचा फ्यूज काढावा, तसं हे. यात जुनी पद्धत पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकची. इरेक्टर स्पायनी ब्लॉक नवा, 2016 मध्ये पहिल्यांदा मांडला गेलेला. 'प्रॉस्पेक्ट' या तज्ज्ञगटाने 2022 मध्ये अशा ऑपरेशनसाठी या दोन्हींची शिफारस केली. सोबत पॅरासिटामॉल आणि सूज कमी करणारी वेदनाशामक औषधं नियमित द्यावीत आणि मॉर्फिनसारखी औषधं गरज पडली तरच, असंही त्यात आहे. कारण मॉर्फिनने गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठता होते.

खालूंचं चुकलं कुठे?

एका इंजेक्शनचा ब्लॉक काही तासांनी उतरतो. बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवलं तर दोन-तीन दिवस आराम मिळतो. ब्लॉक उतरण्याआधी गोळ्या पोटात गेलेल्या हव्यात. दुखायला लागल्यावर गोळी शोधली तर उशीर झालेला असतो.

घरच्यांनी काय करावं?

- ऑपरेशनआधी विचारा: ब्लॉक देणार का? किती तास टिकेल? त्यानंतर काय?
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, किडनीचा त्रास, अल्सर, दमा, औषधाची ॲलर्जी, सगळं आधीच सांगा. त्यावर ब्लॉक आणि गोळ्या ठरतात.
- "दुखतंय का?" एवढंच विचारू नका. "खोकून दाखवा" म्हणा. खोकता येत नसेल तर वेदना आटोक्यात नाही, नर्सला सांगा.
- खोकताना छेदाच्या जागी उशी घट्ट धरायला लावा.
- तीन चेंडूंच्या यंत्रात फुंकायचं नसतं, हवा हळूहळू आत ओढायची असते. आमच्याकडे दोन दिवस उलटंच चाललं होतं!
- त्याच बाजूचा खांदा दुखू शकतो. ब्लॉक तिथपर्यंत पोचत नाही, त्यासाठी वेगळं औषध मागा.

ब्लॉकनंतर ओठांना मुंग्या, कानात आवाज, तोंडात धातूची चव किंवा गरगरणं जाणवलं तर लगेच हाक मारा. घरी आल्यावर ताप, धाप, छेदातून पू दिसला तर थांबू नका. आणि तीन महिन्यांनंतरही जळजळ किंवा टोचणी राहिली, तर ती नसेची असू शकते. तिच्यावर वेगळे उपचार आहेत.

खालू काही दिवस खुर्चीवर बसून नमाज पढले. आता सजद्यात जातात. परवा शेजारच्या मुलाचं असंच ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्याला म्हणाले, "बेटा, सब्र म्हणजे डॉक्टरांपासून दुखणं लपवणं नाही. माझ्यासारखं करू नकोस."