वाळवंटातला समुद्रकिनारा, आणि त्यावरच्या पाहुण्यांची नावं

जयपूरच्या सहलीला गेलेली मराठी मंडळी हवामहल पाहतात, आमेरचा किल्ला चढतात, बापू बाजारात मोजड्या घेतात आणि परततात. फार तर मानसागराच्या काठावर उभं राहून जलमहालाचा फोटो काढतात. पाण्यावर बदकं दिसली, तर मुलं विचारतात, “ती कुठली?” उत्तर मिळतं, “बदकं रे, बदकं!” आणि विषय तिथंच संपतो.

पण त्याच शहरापासून सुमारे ८० किलोमीटरवर एक जागा अशी आहे, की तिथं पोहोचल्यावर कोकणातला माणूसही क्षणभर चकित होईल. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि डोळ्यांसमोर मात्र किनाऱ्यावरचेच पक्षी! कुरव, सुरय, चिखले, तुतवार, रोहित. ही जागा म्हणजे सांभर, देशाच्या आतल्या भागातलं सर्वांत मोठं खाऱ्या पाण्याचं तळं.

मिठाचं तळं

अरवलीच्या कुशीतल्या या उथळ खोलगट भागात मेंढा, रूपनगड अशा पावसाळी नद्या येऊन मिळतात. बाहेर जायला वाट नाही. उन्हानं पाणी आटतं, क्षार मागे राहतात. चांगल्या पावसाच्या वर्षी तळं दोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरतं आणि उन्हाळ्यात पांढरीशुभ्र खपली उरते. मध्ये लांबलचक बांध आहे. त्याच्या एका बाजूला मिठागरं. इथले लोक त्यांना ‘क्यार’ म्हणतात.

या खाऱ्या पाण्यात मासे फारसे तग धरत नाहीत. शेवाळ मात्र माजतं, आणि त्यावर सूक्ष्म जीव, किडे पोसले जातात. पक्ष्यांना आणखी काय हवं? कुरव, रोहित अशा पक्ष्यांच्या डोळ्यांच्या वर मिठाच्या ग्रंथी असतात. शरीरातलं जादा मीठ त्यांतून बाहेर पडतं. म्हणून समुद्र काय आणि सांभर काय, त्यांना दोन्ही सारखेच. हिवाळ्यात मध्य आशियातून, सायबेरियातून येणारे हजारो पक्षी इथं उतरतात. मार्च १९९० मध्ये सांभरला ‘रामसर’ यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत स्थान मिळालं.

ह्यूमसाहेबांचं मीठ आणि पक्षी

इथल्या पक्ष्यांची पहिली मोठी नोंद झाली, ती मिठामुळेच! १८७० मध्ये जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून इंग्रजांनी हे तळं भाडेपट्ट्यानं घेतलं. हा व्यवहार जमवण्यात पुढे होते जकात खात्याचे आयुक्त ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकारानं १८८५ मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. राजकारणाआधी त्यांना वेड होतं पक्ष्यांचं. १८७२ मध्ये त्यांनी पक्ष्यांसाठी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिक सुरू केलं आणि दुसऱ्याच वर्षी त्यात आर. एम. अ‍ॅडम यांनी सांभर आणि परिसरातल्या पक्ष्यांवर सविस्तर लेख लिहिला. दीडशे वर्षांपूर्वी इथं काय होतं, हे आज सांगता येतं, ते कुणीतरी प्रत्येक पक्षी वेगळा ओळखून त्याच्या नावानिशी लिहून ठेवला म्हणून.

नावातच ओळख

पण इंग्रजी आणि लॅटिन नावं ही शास्त्रज्ञांची सोय. आपल्या मातीतली नावं त्याहून जुनी आणि गमतीची. त्यांची खुबी अशी, की नाव हीच ओळखीची खूण असते.

काळे पंख, पांढरं अंग आणि अंगाला न शोभणारे लांबच लांब गुलाबी पाय, असा पक्षी चिखलात उभा दिसला की तो मराठीतला ‘शेकाट्या’. हिंदीत तो ‘गजपांव’. दोन्हीकडे लोकांची नजर गेली ती पायांवरच! त्याच्याच शेजारी काळापांढरा, पण चोच टोकाशी वर वळलेली? तो ‘उचाट्या’. ही चोच पाण्यात डावीकडून उजवीकडे विळ्यासारखी फिरवत तो किडे गोळा करतो. गवंड्याच्या थापीसारखी रुंद चोच असलेलं बदक म्हणजे ‘थापट्या’, हिंदीत ‘तिदारी’. चिखलावर तुरुतुरु धावणारा, थांबणारा, पुन्हा धावणारा इवलासा पक्षी ‘चिखल्या’. आणि कोकण किनाऱ्यावर कालवं फोडून खाणाऱ्याला आपल्या लोकांनी सरळ ‘कालवफोड्या’ म्हणून टाकलं. तो काय खातो, हे वेगळं सांगायलाच नको.

काही नावं आवाजावरून पडली. राजस्थानात हिवाळ्यात येणाऱ्या करड्या करकोच्याला लोक ‘कुरजां’ म्हणतात. थवा आकाशातून जाताना जी ‘कुर्र कुर्र’ ऐकू येते, तीच त्याच्या नावात उतरली आहे. लोकगीतांत परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप धाडायला बाईला आठवते ती कुरजांच. फलोदीजवळच्या खीचन गावात तर या पाहुण्यांना रोज दाणे घालण्याची रीत आहे. आपली टिटवी तिकडे ‘टिटोडी’ होते. तिनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस चांगला, असा तिथल्या शेतकऱ्याचा होरा. खरा किती, हा प्रश्न वेगळा. पण त्यासाठी टिटोडीचं घरटं कुठं आहे, हे त्याला पाहावं लागतं, हे महत्त्वाचं!

नोव्हेंबर २०१९

नाव ठाऊक असणं ही नुसती हौस नाही, हे सांभरनं एकदा फार कडवटपणे शिकवलं.

त्या वर्षी पाऊस उत्तम झाला होता. तळं भरलं, पाहुणे आले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काठावर मेलेले पक्षी दिसू लागले. आधी शेकड्यांनी, मग हजारांनी. पंख लुळे, पाय लुळे, मानही उचलता येत नाही. कित्येक तर बोटभर पाण्यात बुडून मेले. काही दिवसांत हा आकडा अठरा हजारांच्या पुढे गेला.

बर्ड फ्लू? विषारी पाणी? शंका अनेक होत्या. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लू आढळला नाही. मग कोण मेलं आणि कोण वाचलं, याकडे पाहावं लागलं. मृतांत थापटे होते, शेकाटे होते, उचाटे आणि चिखले होते. म्हणजे चिखलातले किडे-अळ्या खाणारे किंवा मिश्र आहार घेणारे. केवळ वनस्पतींवर जगणारे पक्षी जवळजवळ सुटले होते. बिकानेरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी ‘बोट्युलिझम’चं निदान केलं आणि बरेलीच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेनं त्यावर शिक्कामोर्तब केलं.

या रोगाचे जिवाणू चिखलात सुप्त पडून असतात. ऊब मिळाली, प्राणवायू कमी झाला आणि कुजकं खाद्य मिळालं की ते जागे होऊन जालीम विष तयार करतात. एक पक्षी मरतो, त्याच्या शरीरात अळ्या होतात, अळ्यांत विष साठतं, त्या अळ्या दुसरा पक्षी खातो आणि तोही मरतो. हे चक्र तोडायचा उपाय एकच: मेलेले पक्षी वेचून पुरणं किंवा जाळणं. आपत्ती निवारण दलाचे जवान, वन खात्याची माणसं, स्वयंसेवक चिखलात उतरले ते यासाठीच. आजारी पक्ष्यांसाठी जवळच शुश्रूषा केंद्रं उभी राहिली आणि शेकडो पक्ष्यांवर उपचार झाले.

सगळ्यांना सरसकट ‘बदकं’ म्हणून मोजलं असतं, तर हजारो मेली एवढंच कळलं असतं. का मेली, याचा धागा मिळाला तो कोण मेलं हे ओळखल्यामुळे.

नावं गोळा करणारा अरण्यऋषी

मराठीत हे ओळखीचं धन जपलं ते मारुती चितमपल्ली यांनी. वन खात्यातली नोकरी करता करता आदिवासी, कोळी, पारधी अशा रानावनात वावरणाऱ्यांकडून त्यांनी पक्ष्यांची नावं गोळा केली, संस्कृत ग्रंथ धुंडाळले आणि ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांनी ज्यांच्याकडून नावं टिपली, त्यांतली अनेक माणसंही आता नसतील. घरातल्या आजी-आजोबांना एखाद्या पक्ष्याचं गावाकडचं नाव आठवत असेल, तर ते आजच वहीत लिहून ठेवायला हवं.

सांभरला जाल तर

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जयपूरहून मोटारीनं जाता येतं किंवा फुलेरा मार्गे रेल्वेनं. पहाटेची वेळ साधावी, दुर्बीण जवळ ठेवावी आणि थव्याच्या फार जवळ जाऊ नये. या खुणा लक्षात ठेवल्या तर मुलांच्या प्रश्नाला उत्तर देता येईल:

• रोहित मोठा की छोटा? चोच गुलाबी आणि टोक काळं, तर मोठा. चोच गडद लाल, जवळजवळ काळपट आणि अंगाचा गुलाबी रंगही गडद, तर छोटा. करडा दिसला तर ते पिल्लू.

• कुरव की सुरय? अंगानं भरलेला, पाण्यावर निवांत तरंगणारा तो कुरव. सडपातळ, टोकदार पंखांचा, हवेत भिरभिरत खाली झेपावणारा तो सुरय.

• शेकाट्या की उचाट्या? चोच सुईसारखी सरळ आणि पाय गुलाबी, तर शेकाट्या. चोच वर वळलेली आणि पाय निळसर, तर उचाट्या.

ठाण्याच्या खाडीवर किंवा कोकणच्या किनाऱ्यावर याच खुणा उपयोगी पडतील. पुढच्या वेळी मुलांनी विचारलं, “ती कुठली?”, तर “बदकं रे!” म्हणून सुटका करून घेऊ नका. म्हणा, “तो बघ, थापट्या. त्याची चोच बघ आणि सांग पाहू, त्याला थापट्या का म्हणतात ते!”