गाणी बंद, तरी बॅटरी डाऊन?

पप्पांच्या गाडीत हौसेनं नवा स्टिरिओ, ॲम्प बसवलात आणि चार दिवस उभी राहिलेली गाडी सुरूच होईना? लगेच नवी बॅटरी घेऊ नका, तीही तशीच बसेल. आधी किल्ली काढून ॲम्पचा दिवा बघा. तो चालूच असेल, तर चोर सापडला! ॲम्पची रिमोट वायर बहुतेक स्टिरिओऐवजी थेट बॅटरीच्या लाइनला जोडलीय. दिवा बंद असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, मध्ये मल्टिमीटर लावा आणि अर्ध्या तासानं करंट बघा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. अर्धा अँपिअर असेल, तर ४५ अँपिअर-अवरची बॅटरी चार दिवसांत संपते. स्टिरिओचा फ्यूज काढल्यावर आकडा उतरला, की गाठा वायरमनला. मीटर लावलेला असताना स्टार्टर मात्र मारू नका!