अंडी थांबलेली कोंबडी : वार्धक्य कोणते व आजार कोणता

लातूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील मुरुडसारख्या गावात अद्यापही कित्येक घरांच्या परसात चारदोन कोंबड्या वावरताना दिसतात. त्यांपैकी एखादी दोनतीन वर्षे इमानाने अंडी देते आणि पुढे देईनाशी होते. काही दिवसांनी ती पिसे फुगवून कोपऱ्यात उभी राहू लागली, की घरात दोन मते पडतात. एक म्हणते, आता हिला पोसून उपयोग काय? दुसरे म्हणते, काही औषध द्या, म्हणजे पुन्हा अंडी देईल. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. अंडी थांबणे निराळे आणि आजार निराळा. हा भेद ज्यास ओळखता आला, त्याने शुश्रूषेचा अर्धा मार्ग आक्रमिला असे समजावे.

कोंबडीच्या शरीरात सामान्यतः डावा अंडाशय तेवढा काम करतो. एक अंडे तयार होण्यास सुमारे २५ तास लागतात व त्यांतील सुमारे २० तास केवळ कवच घडविण्यात जातात. त्या एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. हा खर्च शरीराला आयुष्यभर झेपत नाही. पहिल्या वर्षी अंडी सर्वांत अधिक मिळतात व पुढे वर्षागणिक घटत जातात. आयुष्य मात्र त्या मानाने पुष्कळ उरलेले असते. नीट सांभाळलेली कोंबडी सहा-आठ वर्षे सहज जगते. तेव्हा अंडी बंद होणे हा तिच्या वयाचा धर्म होय. त्यावर औषध नाही आणि ते शोधण्याचे कारणही नाही.

अंडी तात्पुरती थांबण्याचीही कारणे आहेत. दिवस लहान होऊ लागले म्हणजे कोंबडी जुनी पिसे गाळते. नवी पिसे येण्यास दोनतीन महिने लागतात व तेवढा काळ अंडी मिळत नाहीत. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर गेला म्हणजेही अंडी घटतात. अशा वेळी पक्षी चारा टिपत असेल, मातीत लोळत असेल, त्याचे डोळे सतेज असतील, तर चिंतेचे कारण नाही.

आजाराची चिन्हे वेगळी. मान आखडून, डोळे मिटून दिवसभर उभे राहणे, तुरा फिका किंवा जांभळट पडणे, विष्ठा सतत हिरवी वा पाण्यासारखी होणे, ही त्यांतील मुख्य होत. पिसांमुळे कृशता डोळ्यांस दिसत नाही. म्हणून छातीच्या हाडावरून हात फिरवावा. हाड सुरीच्या धारेसारखे लागले, तर मांस झडले असे जाणावे. गळ्याखालची अन्नाची पिशवी रात्री भरलेली व पहाटे रिकामी असावयास हवी. ती पहाटेही कठीण वा लिबलिबीत लागली, तर अन्न अडकले किंवा आंबले आहे. अशा कोंबडीस उलटी धरून पिशवी पिळण्याची पद्धत घातक आहे, कारण ते पाणी श्वासनलिकेत शिरून तिचा जीव जाऊ शकतो.

कोंबडी पुन्हा पुन्हा कुंथत असेल व शेपटी खाली पाडून चालत असेल, तर अंडे अडकल्याचा संभव असतो. तिला वीसेक मिनिटे कोमट पाण्यात बसवून मग उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावे. अंडे आत फोडण्याचा प्रयत्न कदापि करू नये. पोट पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे सुजले असेल, तर अंडमार्गाचा दाह किंवा गाठ असू शकते. वयस्क कोंबड्यांत अंडाशयाचा कर्करोगही पुष्कळदा आढळतो. येथे घरगुती उपाय संपतात व पशुवैद्याचे काम सुरू होते. लातूर जिल्ह्यातच उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसांसाठी आणलेल्या व उरलेल्या गोळ्या मात्र अंदाजाने देऊ नयेत.

म्हाताऱ्या कोंबडीचा आहारही बदलावा लागतो. अंड्यांवरील कोंबड्यांच्या तयार खाद्यात कॅल्शियम मुद्दाम अधिक घातलेले असते. अंडी न देणाऱ्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. म्हणून तिला साधे खाद्य, भरडलेली ज्वारी व थोडी हिरवी भाजी द्यावी आणि शिंपल्यांचा चुरा इतर कोंबड्यांसाठी वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोंबडीला घाम येत नाही. धापा टाकूनच ती अंगातली उष्णता बाहेर टाकते. यास्तव उन्हाळ्यात सावली व पाणी हेच तिचे पहिले औषध. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेथे पाण्याचे मोल सांगणे नको. पण एका कोंबडीस एरवी दिवसाला पाव लिटर पाणी पुरते व कडक उन्हात त्याच्या सुमारे दुप्पट लागते. बसण्याची दांडी वीतभर उंचीवर आणावी आणि लोळण्यासाठी राख मिसळलेली कोरडी माती ठेवावी.

कोंबड्यांत मानपानाची उतरंड असते. नॉर्वेतील शेल्डेरुप-एबे यांनी १९२० च्या सुमारास तिचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. दुबळी झालेली कोंबडी या उतरंडीत तळाशी जाते व इतर तिला चोची मारतात. म्हणून तिला वेगळ्या डालीखाली ठेवावे. परंतु लक्षणे संसर्गाची नसतील, तर इतरांच्या दृष्टीआड नेऊ नये, कारण फार दिवस दूर राहिलेली कोंबडी परतताच परकी ठरते.

एका वेळी अनेक पक्षी आजारले, मान वाकडी होऊ लागली किंवा अचानक मरतूक झाली, तर प्रश्न एका कोंबडीचा राहत नाही. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा रोग लसीने टाळता येतो; झाल्यावर त्यावर औषध नाही. बर्ड फ्लूचा अनुभवही या भागास नवा नाही. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे शेकडो कोंबड्या त्याने दगावल्या, तर २०२५ च्या जानेवारीत उदगीर येथे मेलेल्या कावळ्यांत तोच रोग निघाला. अशा वेळी मृत पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. आजारी कोंबडी बाजारात नेऊन विकणे किंवा घाईने कापून खाणे, हा वाचवलेला पैसा नव्हे. तो शेजाऱ्याच्या खुराड्यात व स्वतःच्या घरात नेलेला रोग होय.

एवढे करूनही कोंबडी खाणे सोडते, उठेनाशी होते, अशी वेळ येते. तेव्हा पशुवैद्याकरवी तिला वेदनेविना मुक्त करणे हीही शुश्रूषाच. अंड्यांचा हिशेब तर तिने केव्हाच पुरा केलेला असतो. त्यानंतर सावली, मूठभर दाणे व वाटीभर पाणी एवढेच तिचे मागणे उरते, आणि ते पुरविणे कोणत्याही घरास जड नाही.