कोड उघडा, म्हणून दार उघडे?

भांडुपला एलबीएस मार्गावरच्या औद्योगिक वसाहतींत कंपनीची वेबसाइट नव्याने करायचा विषय निघाला, की एक वाक्य हमखास येते: ‘ओपन सोर्स नको. कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे हॅकरलाही दिसणार.’ गाळ्यातल्या कारखानदारापासून आयटी विभागाच्या प्रमुखापर्यंत सगळे ते तितक्याच खात्रीने सांगतात. ते चूक आहे.

कुलपाची रचना जगाला ठाऊक असली, तरी किल्ली आपल्याच खिशात असते. ड्रुपल किंवा वर्डप्रेस या वेबसाइट बांधायच्या ओपन सोर्स प्रणालींचा कोड जाहीर आहे. तुमचा पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती नाही. कोड झाकून सुरक्षितता मिळत असती, तर जुलै 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट सर्व्हरवर जगभर हल्ले झालेच नसते. तो कोड तर बंद होता!

साइट फुटते ती अनेकदा अपडेट रखडल्याने. 15 ऑक्टोबर 2014 रोजी ड्रुपल 7 मधली गंभीर त्रुटी आणि तिची दुरुस्ती एकदमच जाहीर झाली. भारतात तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. काही तासांतच स्वयंचलित हल्ले सुरू झाले. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकानेच बजावले: 7 तासांत, म्हणजे आपल्याकडच्या पहाटे साडेचारपर्यंत, दुरुस्ती बसवली नसेल, तर साइट फुटली असेच धरा. त्रुटी लपवली नव्हती, उपायही हातात दिला होता. तो बसवायला कोण जागे होते, एवढाच प्रश्न होता.

तरीही शंका असेल, तर भारत सरकारने 2015 मध्ये आपल्या कामकाजात ओपन सोर्सला प्राधान्य देणारे धोरण काढले, हे लक्षात घ्या. सरकारी आकडेवारीचे खुले पोर्टलही ड्रुपलवरच उभे राहिले.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘फुकटात होते.’ परवाना फुकट. होस्टिंग, बांधणी आणि देखभाल नाही.

‘वर्डप्रेस ब्लॉगपुरते.’ अमेरिकेच्या व्हाइट हाउसची साइट 2017 पासून त्यावर आहे.

‘आपला मजकूरही खुला करावा लागतो.’ परवाना सॉफ्टवेअरच्या कोडला लागू होतो, तुमच्या मजकुराला नाही.

‘मराठी-इंग्रजी एकत्र जमत नाही.’ ड्रुपलमध्ये 2015 च्या आठव्या आवृत्तीपासून बहुभाषिक सोय मुळातच आहे. वर्डप्रेसला प्लगइन लागतो.

‘एकदा केली की झाले.’ आवृत्तीलाही शेवट असतो: ड्रुपल 7 चा अधिकृत आधार 5 जानेवारी 2025 रोजी संपला.

म्हणून कोड उघडा की बंद, यावर बैठका घालवू नका. सुरक्षा अपडेट कोण बसवणार, किती तासांत, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण, हे करारात लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही, तर सही करू नका.